जहाजावरच्या रेडिओची सक्तीची तपासणी : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठे समुद्र कोठे शे भाऊ? मग खान्देशात हे पान कशाला?

समुद्र नाही, पण समुद्रावर जाणारी माणसं आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट, थर्ड ऑफिसर, इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर म्हणून जातात. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईला किंवा सुरतेच्या हजिरा बंदरात जहाजावरचे रेडिओ तपासायच्या कामाला लागता येईल का, असं विचारणारेही असतात. दोघांचे प्रश्न जवळपास सारखेच, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. पहिल्यांदा जहाजावर निघालेल्याने बॅटरीचा आणि ईपर्बचा (संकटात उपग्रहाला हाक देणाऱ्या डब्याचा) भाग तरी सावकाश वाचावा, कारण सर्व्हेत, म्हणजे या तपासणीत, अडकतं ते बहुतेक तिथेच.

ही तपासणी नेमकी कसली, आणि कोणत्या जहाजांना सक्तीची?

जहाज संकटात सापडलं तर मदत मागता यावी, दुसरं सापडलं तर त्याची हाक ऐकू यावी, यासाठी जी यंत्रणा असते तिला जीएमडीएसएस म्हणतात. सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या प्रकरणात तिचे नियम आहेत. १९९२ पासून ती टप्प्याटप्प्याने आली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली. तिने मोर्सवाला रेडिओ ऑफिसर जहाजावरून उतरवला आणि त्याचं काम ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात घातलं.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारं ३०० ग्रॉस टनांचं किंवा त्याहून मोठं मालवाहू जहाज आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरचं प्रवासी जहाज, या दोघांना ती सक्तीची. मालवाहू जहाजाला त्यासाठी सेफ्टी रेडिओ सर्टिफिकेट मिळतं. त्याला फॉर्म आर नावाची यादी जोडलेली असते आणि जहाजावर कोणतं उपकरण किती नग आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. सर्व्हे म्हणजे मुळात या यादीशी जहाज ताडून पाहणं. यादीत दोन आणि भिंतीवर एक, असं निघालं की तिथेच गाडी अडते.

सी एरिया ए-१, ए-२ वगैरे काय भानगड आहे?

जहाज किनाऱ्यापासून किती लांब जातं त्यावर उपकरणं ठरतात. ए-१ म्हणजे किनाऱ्यावरच्या व्हीएचएफ (थोड्या पल्ल्याच्या रेडिओ) केंद्राच्या टप्प्यातला समुद्र, साधारण २० ते ३० सागरी मैल. ए-२ म्हणजे एमएफच्या (मध्यम पल्ल्याच्या रेडिओच्या) टप्प्यातला, शंभर-दीडशे मैलांपर्यंत. त्यापलीकडे उपग्रहाच्या छायेतला ए-३, आणि उरलेला, म्हणजे मुख्यतः ध्रुवांकडचा, ए-४. मुंबईहून आखाताकडे किंवा सिंगापूरकडे जाणारं जहाज ए-३ धरूनच सजवलेलं असतं.

यातून आणखी एक गोष्ट ठरते. उपकरण बिघडलं तर काय, याची सोय तीनपैकी दाखवावी लागते: दुहेरी उपकरणं, किनाऱ्यावरच्या कंपनीशी देखभालीचा करार, किंवा जहाजावरच दुरुस्ती करू शकणारा माणूस. ए-१, ए-२ मध्ये एक पुरते, ए-३, ए-४ मध्ये दोन लागतात. बहुतेक मालक पहिल्या दोन घेतात. कराराची मुदत संपलेली असणं हा अगदी फुकटचा दोष आहे. यंत्रं ठणठणीत, आणि शेरा एका कागदावरून.

किती वर्षांनी करायची? तारीख हुकली तर?

मालवाहू जहाजाचं रेडिओ सर्टिफिकेट जास्तीत जास्त ५ वर्षांचं. पण मधल्या प्रत्येक वर्षी पिरिऑडिकल सर्व्हे लागतो, वार्षिक तारखेच्या ३ महिने आधी ते ३ महिने नंतर या खिडकीत. सर्टिफिकेट १४ ऑगस्टला संपणारं असेल तर दरवर्षीची खिडकी १४ मे ते १४ नोव्हेंबर. प्रवासी जहाजाचं सर्टिफिकेट १२ महिन्यांचंच.

खिडकी उलटून गेली आणि सर्टिफिकेटवर शिक्का नाही, तर ते सर्टिफिकेट वैध राहत नाही, मग त्यावर पुढची ३ वर्षं छापलेली असोत. घाई करून खिडकीच्या आधीच सर्व्हे उरकला तर वार्षिक तारीखच अलीकडे सरकते. म्हणजे लवकर केल्याने पुण्य लागत नाही, पुढची मुदत कमी होते. ५ वर्षं संपताना जहाज सर्व्हेच्या बंदरात नसेल तर फ्लॅग देश (जहाज ज्याच्या झेंड्याखाली नोंदलेलं तो) ३ महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकतो, पण ती फक्त त्या बंदरापर्यंत पोचण्यासाठी. धंदा चालू ठेवण्यासाठी नाही.

तपासणी कोण करतं आणि सही कोणाची?

इथे गोंधळ फार होतो. पेटी घेऊन गँगवे चढणारा आणि मीटर लावणारा तो रेडिओ टेक्निशियन, क्लासिफिकेशन सोसायटीने (जहाजं तपासून प्रमाणित करणारी संस्था, थोडक्यात क्लास) मान्यता दिलेल्या सेवा कंपनीचा. तो मापं घेतो, चेकलिस्ट भरतो, अहवाल देतो. सर्टिफिकेटवर शिक्का मारतो क्लासचा किंवा सरकारचा सर्व्हेअर. भारतीय जहाजांचा कारभार मुंबईच्या डीजी शिपिंगकडे, त्यांच्या हाताखाली मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, आणि क्लास म्हणून इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग किंवा परदेशी सोसायट्या. जहाजाच्या रेडिओ स्टेशनचा परवाना मात्र दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचा. भारतीय जहाजाचा एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, ४१९ ने सुरू होतो.

टेक्निशियनशी गोड बोलून सर्टिफिकेट मिळत नाही, ते त्याच्या हातातच नसतं.

सर्व्हेअर येण्याआधी कोणते कागद काढून ठेवू?

एकाच फाइलीत, या क्रमाने: सध्याचं रेडिओ सर्टिफिकेट आणि फॉर्म आर, स्टेशनचा परवाना, ऑपरेटरांची जीओसी (रेडिओ चालवायच्या पात्रतेची) सर्टिफिकेटं फ्लॅग देशाच्या एंडोर्समेंटसह, देखभालीचा करार, ईपर्बच्या वार्षिक चाचणीचा आणि किनाऱ्यावरच्या देखभालीचा दाखला, बॅटरीच्या क्षमता-चाचणीची नोंद, अँटेनांचा नकाशा, मागचा सर्व्हे रिपोर्ट, आणि जीएमडीएसएस लॉगबुक. आयटीयूची किनारी केंद्रांची यादी, जहाजांची यादी आणि सागरी मोबाइल सेवेचं मॅन्युअल चालू आवृत्तीचं हवं. एआयएस (जहाजाची ओळख-स्थिती आपोआप सांगणारा), व्हीडीआर (प्रवासाची नोंद ठेवणारा), एलआरआयटी (लांबून माग ठेवणारी सोय) आणि सुरक्षा-इशारा यंत्रणा हे रेडिओ सर्टिफिकेटचे भाग नाहीत, पण टेक्निशियन बहुधा तोच असतो. त्यांचे दाखले जवळ ठेवले तर दुसरी फेरी वाचते.

लॉगबुक वाचणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत जहाज ओळखतो. तीनशे दिवस रोज बॅटरी २५.६ व्होल्ट, एकाच शाईत, एकाच हाताने. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून बैल मिरवता येतो, पण वर्षभर त्याला ढेप-चारा मिळाला की नाही ते बरगड्या सांगतात.

बॅटरीवर एवढा भर का देतात?

कारण जहाजाची मुख्य वीज आणि आणीबाणीची वीज दोन्ही गेल्यावर जे उरतं ते हेच. नियमाप्रमाणे राखीव बॅटरीने रेडिओ १ तास चालवला पाहिजे, जहाजावर नियमात बसणारा इमर्जन्सी जनरेटर असेल तर. नसेल तर ६ तास. आणि त्या वेळात व्हीएचएफबरोबर, त्या बॅटरीला एकाच वेळी जोडता येतील ती बाकीची सगळी रेडिओ यंत्रं धरायची.

हिशेबाची रीत अशी: प्रत्येक यंत्राचा ट्रान्समिटचा अर्धा करंट, अधिक रिसीव्हचा पूर्ण करंट, अधिक दिवा वगैरे. नमुन्यादाखल आकडे घेऊ. तुमच्या यंत्रांचे त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या. एमएफ-एचएफ (मध्यम आणि लांब पल्ल्याचा सेट) ट्रान्समिटला ३० अँपिअर घेतो, त्याचे १५, रिसीव्हचे ३. व्हीएचएफचे ६ चे ३, रिसीव्हचा १. इन्मारसॅट-सीचे (उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या सेटचे) ६ चे ३, रिसीव्हचा १. दिवा १. बेरीज २७ अँपिअर. एका तासाला २७ अँपिअर-अवर, सहा तासांना १६२.

आता इथे दोन खड्डे आहेत. पहिला: दोन १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात, पण अँपिअर-अवर १००च राहतात. २०० होत नाहीत. ही चूक शिकलेले लोकसुद्धा करतात. दुसरा: बॅटरीवर छापलेला आकडा १० किंवा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. तीच तासाभरात पिळली तर त्याच्या बरंच खाली हात टेकते. घरी भारनियमनात इन्व्हर्टरवर एक पंखा रात्रभर चालतो आणि मिक्सर लावला की बॅटरी बसते, तसंच. म्हणून कोरा हिशेब २७ आला तरी २७ची बॅटरी चालत नाही. बॅटरी बनवणाऱ्याच्या डिस्चार्ज तक्त्यात १ तासाचा रकाना पाहायचा आणि वयाने होणारी घट वर धरायची.

चार्जरचीही अट आहे. रिकामी बॅटरी १० तासांच्या आत आवश्यक क्षमतेपर्यंत भरली पाहिजे. क्षमतेची चाचणी १२ महिन्यांतून एकदा, जहाज समुद्रात नसताना.

आणि बॅटरी प्रत्यक्षात नापास कशी होते?

चार्जर चालू ठेवून वाचलेले २७ व्होल्ट चार्जरचे असतात, बॅटरीचे नाहीत. आधी एसी बंद करा, चार्जर वेगळा करा, थोडा वेळ थांबा. भरलेली २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी २५.४ च्या आसपास स्थिरावते. मग एमएफ-एचएफ पूर्ण पॉवरवर की करा, म्हणजे बटण दाबून ट्रान्समिट करा, आणि मीटरकडे बघा. थोडं खाली जाऊन तिथेच टिकलं तर ठीक. घसरतच राहिलं तर एखादा सेल मेला आहे. उघड्या प्रकारची असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहा. २५ अंशांना १.२६५ ते १.२८० म्हणजे भरलेला. पाच सेल १.२७ आणि एक १.१८, तर तो एकच सगळ्यांना घेऊन बुडतो.

आणखी कुठे अडतं? टर्मिनलवर हिरवं-पांढरं भुकटं साठतं आणि मीटर उत्तम दाखवतं, पण लोड दिला की कनेक्शन तापतं. जहाजाच्या वरच्या डेकवरची बॅटरी पेटी उन्हात भुसावळच्या मे महिन्यासारखी तापते, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. डिस्टिल्डऐवजी कुठलंही पाणी ओतलं तर तो सेल गेला समजा. ऑटोमॅटिक चेंजओव्हर आहे असं गृहीत धरतात आणि एसी काढला की जीपीएसच मरतो. जीपीएसची स्थिती रेडिओला मिळत राहिली पाहिजे, म्हणून तोही राखीव विजेवर हवा. हे एसी काढून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि सर्व्हेअर तेच काढतो.

व्हीएचएफ आणि एमएफ-एचएफमध्ये काय मोजतात?

व्हीएचएफची पॉवर: जास्तीत जास्त २५ वॉट, कमीवर १ वॉट. फ्रिक्वेन्सीची चूक, डेव्हिएशन, चॅनल १६, १३, ६ वर आवाज, आणि चॅनल ७० वर डीएससी, म्हणजे आकडी संकेताने हाक मारायची सोय. अँटेनाकडे गेलेली आणि परत आलेली पॉवर वॉटमीटरने पाहतात. २५ वॉट जाऊन १ परत आला तर एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरचं माप, १च्या जितकं जवळ तितकं बरं) १.५, छान. ५ परत आले तर २.६, म्हणजे वर कुठेतरी पाणी शिरलंय. केबलच्या वरच्या टोकाचा कनेक्टर उघडला की आतून हिरवं तांबं निघतं. नवा कनेक्टर बसवून त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ओढून गुंडाळायची. नुसती इन्सुलेशन टेप पहिल्या पावसातच सुटते.

एमएफ-एचएफला प्रत्येक बँडवर ट्यून करून पाहतात: २, ४, ६, ८, १२, १६ मेगाहर्ट्‌झ. उंचावर ट्यून होतो आणि २ वर होत नाही, हे अगदी ठरलेलं दुखणं. २ मेगाहर्ट्‌झला अँटेना लांबीने फारच तोकडी पडते, त्यामुळे इन्सुलेटरवरचं मीठ-काजळी किंवा अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीचा सैल बोल्ट तिथे लगेच जाणवतो. इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुवा, पट्टी खरवडून घट्ट करा. नंतरच ट्यूनर उघडायचा विचार. इन्सुलेटरला रंग मारू नका. बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, त्याच्या ब्रशला काहीच वर्ज्य नसतं.

ट्रान्समिट चालू असताना एमएफ-एचएफ अँटेनाजवळ माणूस नको, हात भाजतो. तेलाच्या टर्मिनलवर लागलेलं जहाज असेल तर ही चाचणी करताच येत नाही. तिथे एमएफ-एचएफ बंद, अँटेना अर्थ केलेली आणि व्हीएचएफ १ वॉटवर. टँकरचा रेडिओ सर्व्हे म्हणूनच नांगरवाड्यावर असताना ठरवतात.

डीएससी टेस्ट कॉल करतो, पण उत्तरच येत नाही. काय चुकतंय?

बहुधा वेळ आणि बँड. २१८७.५ किलोहर्ट्‌झवरून भरदुपारी पाचशे मैलांवरच्या केंद्राला हाक मारून उपयोग नाही. दिवसा लांबच्या केंद्रासाठी ८४१४.५ किंवा १२५७७, रात्री ४२०७.५ किंवा ६३१२ घ्या. केंद्राचा एमएमएसआय ००ने सुरू होतो. तो चालू यादीतून घ्या, मागच्या सेकंड ऑफिसरने भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून नको. कॉलचा प्रकार टेस्ट, आणि दोन-तीन वेगळी केंद्रं. उत्तर आलं की प्रिंट किंवा नोंद जपून ठेवा. सर्व्हेच्या दिवशी कोणी उत्तर दिलं नाही तर आठवड्याभरातली ही पावती फार कामाला येते.

तरीही कधीच उत्तर येत नसेल तर वॉच रिसीव्हरच्या अँटेनाकडे बघा. कॉल गेलेला असतो, उत्तरही आलेलं असतं, पण ऐकणारा कानच तुटलेला असतो.

ईपर्बमध्ये काय काय तपासतात?

ईपर्ब म्हणजे जहाज बुडालं तरी स्वतः सुटून तरंगणारा आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर कोस्पास-सारसॅट उपग्रहांना हाक देणारा पिवळा-केशरी डबा. साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश, आणि शोधायला आलेल्या विमानासाठी १२१.५ मेगाहर्ट्‌झचा सतत सूर. किमान ४८ तास चालला पाहिजे. १ जुलै २०२२ नंतर बसवलेल्यांत एआयएसही हवा. भारतात या हाका बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरला पोचतात.

वार्षिक चाचणी वेगळी आणि सक्तीची. टेक्निशियन टेस्टरने ४०६ची फ्रिक्वेन्सी, १५ अक्षरी हेक्स कोड, १२१.५चा सूर पाहतो. तो कोड डब्यावरच्या लेबलाशी आणि परवान्याशी जुळला पाहिजे. जहाजाचा झेंडा बदलला की एमएमएसआय बदलतो, आणि ईपर्ब जुन्याच देशाच्या नावाने हाका मारत राहतो. हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. नवा कोड भरणं, लेबल बदलणं आणि नव्या देशाकडे नोंदणी, तिन्ही करावं लागतं.

वार्षिक चाचणीशिवाय जास्तीत जास्त ५ वर्षांनी किनाऱ्यावरच्या मान्य कार्यशाळेत पूर्ण देखभाल. बॅटरी बहुधा तेव्हाच बदलतात.

मग एचआरयू, म्हणजे पाण्याच्या दाबाने ईपर्बला सोडणारी कळ. ती १.५ ते ४ मीटर खोलीवर सुटते. नेहमीच्या एकदाच वापरायच्या प्रकाराची मुदत बसवल्यापासून २ वर्षं. बसवताना तिच्यावर महिना-वर्ष कोरायचं असतं. ते कोरलं नाही तर मुदत मोजता येत नाही आणि दोष लागतो. चार पैशांची वस्तू, पण स्पेअर नसेल आणि पुढचं बंदर आठ दिवसांवर असेल तर डोकं फिरतं. एक स्पेअर नेहमी जहाजावर ठेवा.

सगळ्यात घातक चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. ईपर्बची दोरी रेलिंगला बांधलेली. "पडू नये म्हणून" कोणीतरी काळजीने बांधतो. ती दोरी लाइफराफ्टला बांधण्यासाठी आहे. जहाजाला बांधली तर ईपर्ब जहाजाबरोबर तळाला जातो.

सेल्फ-टेस्ट महिन्यातून एकदा पुरे. दर टेस्ट बॅटरीचा घास घेते.

सार्ट?

सार्ट म्हणजे शोधणाऱ्याला आपली जागा दाखवणारं यंत्र. रडारवाला सार्ट ९ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे ३ सेंटीमीटरच्या एक्स-बँड रडारलाच उत्तर देतो. एस-बँडवर शोधत बसलात तर काही दिसणार नाही. लांबून १२ ठिपक्यांची ओळ, जवळ आलं की त्याच्या कमानी आणि शेवटी वर्तुळं. चाचणीला काही सेकंद पुरतात, जास्त लावला तर शेजारची जहाजं दचकतात. बॅटरी ९६ तास स्टँडबाय आणि त्यानंतर ८ तास उत्तर देण्याइतकी. एआयएस-सार्टला रडार लागत नाही. त्याचा क्रमांक ९७०ने सुरू होतो आणि चाचणीत पडद्यावर तो टेस्ट असल्याचं लिहून येतं. ५०० टनांवर दोन नग, ३०० ते ५०० टनांना एक.

लाइफबोटीतले हातातले व्हीएचएफ रोज वापरले तर चालतात का?

सेट वापरा, पण लिथियमची एकदाच वापरायची सीलबंद बॅटरी नाही. ती संकटासाठीच. सील तुटलेलं दिसलं की सर्व्हेअर नवी मागतो. रोजच्यासाठी चार्ज होणारी बॅटरी वेगळी ठेवा. ५०० टनांवर तीन सेट, ३०० ते ५०० टनांना दोन. महिन्याची चाचणी चॅनल १६ सोडून दुसऱ्यावर.

सर्व्हेअर मलाही काही विचारतो का?

हो, आणि अनेकदा यंत्रांपेक्षा तिथेच पाय घसरतो. मस्टर लिस्टवर (संकटात कोणी काय करायचं त्या यादीवर) संकटकाळचा रेडिओ ऑपरेटर म्हणून ज्याचं नाव आहे त्याला बोलावतात. डिस्ट्रेस कसा पाठवशील, न पाठवता दाखव. झाकण उचलून लाल बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं, हे सांगता आलं पाहिजे. जीपीएस नसेल तर स्थिती हाताने कुठे भरायची आणि किती वेळाने? ४ तासांच्या आत. रोज काय तपासतोस? डीएससीची अंतर्गत टेस्ट, बॅटरी लोडसह आणि लोडविना, प्रिंटरचा कागद. आठवड्याला? एमएफ-एचएफ डीएससीचा किनाऱ्याशी टेस्ट कॉल. महिन्याला? ईपर्ब, सार्ट, हातातले सेट, अँटेना आणि बॅटऱ्यांची पाहणी.

जीओसी खिशात आहे आणि तीन वर्षं सेटला हात लावलेला नाही, असं असेल तर सर्व्हेच्या आदल्या रात्री मॅन्युअल उघडून भागत नाही. रोजची टेस्ट आळीपाळीने सगळ्या वॉचकीपरांना करायला लावा.

नापास झालं तर जहाज थांबतं का?

दोष केवढा यावर. बल्ब गेला, यादी जुनी, अशा गोष्टी तिथल्या तिथे सुधारतात. पण राखीव बॅटरी टिकत नाही, ईपर्ब नाही किंवा मुदतबाह्य, एमएफ-एचएफ मेलेला, तर दुरुस्तीशिवाय शिक्का नाही. शिवाय परदेशी बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे त्या देशातर्फे बाहेरची जहाजं तपासणारा, अधिकारी कधीही चढू शकतो. हिंदी महासागरातल्या बंदरांसाठी त्यांचा वेगळा सामंजस्य करार आहे, भारत त्यात आहे. त्याने जहाज अडकवून ठेवलं तर ती नोंद जहाजाच्या नावावर राहते आणि पुढच्या बंदरांतही तपासण्या वाढतात. दोष आधीच माहीत असेल तर लपवू नका. फ्लॅग आणि क्लासला कळवा, सुटा भाग मागवल्याचा कागद ठेवा. कळवलेला बिघाड आणि पकडलेला बिघाड यांत फार फरक पडतो.

२०२४ पासून काय बदललं?

१ जानेवारी २०२४ ला सोलासचं चौथं प्रकरण नव्याने लागू झालं. रेडिओ टेलेक्सची सक्ती गेली. ए-३ची व्याख्या एकट्या इन्मारसॅटला बांधलेली राहिली नाही, मान्यताप्राप्त उपग्रह सेवेवर आली. त्याआधीच इरिडियम या दुसऱ्या उपग्रह कंपनीची जीएमडीएसएस सेवा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली होती. सार्ट आणि लाइफबोटीचे व्हीएचएफ तिसऱ्या प्रकरणातून चौथ्यात आले. जुन्या चेकलिस्टची झेरॉक्स घेऊन तयारी करणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

चुकून डिस्ट्रेस गेला तर? बंद करून गप्प बसू का?

अजिबात नाही. व्हीएचएफवरून गेला असेल तर पाठवणं थांबवा, चॅनल १६ वर सर्व स्टेशनांना जहाजाचं नाव, कॉल साइन, एमएमएसआय आणि स्थिती सांगून अमुक वाजताचा इशारा रद्द म्हणून जाहीर करा. एमएफवरून गेला तर २१८२ वर. ईपर्ब लागला असेल तर बंद करून लगेच बचाव केंद्राला कळवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी ते तटरक्षक दलाचं मुंबईचं केंद्र. सांगितल्याने सहसा कोणी धरत नाही, लपवल्याने शोधाला विमान निघतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. या कामात शिरता येईल?

येईल. पण एक समज दूर करा: जीओसीने सेट चालवायचा हक्क मिळतो, उघडायचा किंवा सर्व्हे करायचा नाही. टेक्निशियन क्लास-मान्य कंपनीत अनुभवी माणसाच्या हाताखाली तयार होतो, वर यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची ट्रेनिंग घेतो. जळगाव-धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून निघताना हातात असावं असं काय? कोॲक्स केबलला कनेक्टर नीट बसवणं, वॉटमीटर आणि डमी लोड वापरणं, डीसी सर्किटमध्ये व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधणं, आणि इंग्रजीत स्वच्छ रिपोर्ट लिहिणं. शेवटचं कमी लेखू नका. राहायला मुंबई, किंवा नंदुरबारकडच्यांना सुरत-हजिरा सोयीचं. उंचीची भीती असेल तर आधीच विचार करा. मास्टवर चढावं लागतं, आणि जहाज हलत असतं.

तापीत, उकाईत, नर्मदेच्या फुगवट्यात चालणाऱ्या बोटींना हे लागू आहे का?

नाही. सोलास समुद्रातल्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांसाठी. नदी-जलाशयातल्या यांत्रिक बोटींसाठी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ आहे, त्यांची नोंदणी आणि तपासणी राज्य सरकारकडे. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला बोट चालवणाऱ्याने लाइफजॅकेटं आणि माणसांची संख्या आधी सांभाळावी.

अलंगच्या (जहाजं तोडतात तिथल्या) भंगारातून मरीन व्हीएचएफ किंवा ईपर्ब स्वस्तात मिळतोय. शेतावर, दुकानात वापरता येईल?

नाही, दोन्ही नाही. मरीन व्हीएचएफच्या १५६ ते १६२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जमिनीवरून परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे. ईपर्ब तर हातही लावू नये अशी वस्तू. आत लिथियम बॅटरी असते, जाळली की फुटते. पाण्याच्या टबात टाकून बघू म्हटलं तर पाण्याच्या स्पर्शाने चालू होणारे असतात, आणि धुळ्याच्या भंगार गल्लीतून निघालेली हाक उपग्रहमार्गे बेंगळुरूला जाते. कोणाकडे आलाच असेल तर बॅटरी अधिकृत सेवा कंपनीकडून काढून घ्या आणि मगच बाकीचं प्लास्टिक भंगारात टाका.